नेमणूकपत्रातलं ते कलम बदला: महाराष्ट्रातल्या सॉफ्टवेअर कंपन्यांना खुलं पत्र

प्रति,
पुणे, मुंबई, नागपूर आणि नाशिक इथल्या सॉफ्टवेअर कंपन्यांचे संचालक, सीटीओ आणि डिलिव्हरी हेड

स. न. वि. वि.

हे पत्र ओपन सोर्सबद्दल आहे, म्हणजे ज्याचा कोड कोणालाही वाचता, वापरता आणि सुधारता येतो अशा सॉफ्टवेअरबद्दल, आणि त्यावर काम करायला आड येणाऱ्या नेमणूकपत्रातल्या कलमाबद्दल. ११ नोव्हेंबर २०२५ रोजी कुबर्नेटीस या, अनेक सर्व्हरवर अॅप्लिकेशन चालवणाऱ्या ओपन सोर्स प्रकल्पाने एक निवेदन काढलं. इनग्रेस एनजिनएक्स हा घटक निवृत्त होणार. मार्च २०२६ पर्यंत जमेल तेवढी देखभाल, त्यापुढे ना नवी आवृत्ती, ना बगची दुरुस्ती, ना सुरक्षेचा पॅच. त्या आठवड्यात आपापल्या ऑफिसांत काय धावपळ उडाली ते मी सांगायला नको. क्लायंटचे मेल आले, हा घटक कुठल्या कुठल्या क्लस्टरवर, म्हणजे सर्व्हरच्या समूहावर, चालतोय याच्या एक्सेल शीट निघाल्या, मायग्रेशनचे अंदाज मागवले गेले. काहींनी त्याचं वेगळं बिलही लावलं असेल. धंदा आहे, त्याबद्दल तक्रार नाही.

तक्रार आहे ती निवेदनातल्या एका वाक्याकडे झालेल्या कानाडोळ्याबद्दल. तिथे स्पष्ट लिहिलं होतं की या प्रकल्पावर कित्येक वर्षं एक-दोनच माणसं काम करत होती, तीही स्वतःच्या वेळात, नोकरी सांभाळून, संध्याकाळी आणि शनिवार-रविवारी. जगभरातल्या क्लस्टरमध्ये बाहेरून येणारी रहदारी ज्याच्यातून आत जाते त्या सॉफ्टवेअरची ही अवस्था. बरं, हे अचानकही झालेलं नाही. आदल्या वर्षीच मेन्टेनर, म्हणजे प्रकल्प सांभाळणाऱ्या, मंडळींनी सांगून ठेवलं होतं की हा प्रकल्प आवरता घेऊ आणि गेटवे एपीआय ही रहदारी आत घेण्याची कुबर्नेटीसची नवी पद्धत घडवणाऱ्यांच्या साथीने इनगेट नावाचा पर्याय उभा करू. तरीही मदतीला पुरेसे हात आले नाहीत, आणि इनगेटही बाळसं धरण्याआधीच गुंडाळला गेला.

मधल्या काळात काय घडलं तेही आठवा. मार्च २०२५ मध्ये विझ या कंपनीच्या संशोधकांनी इनग्रेस एनजिनएक्समधली सीव्हीई-२०२५-१९७४ या क्रमांकाची सुरक्षेची त्रुटी जाहीर केली. गांभीर्य दहापैकी ९.८, आणि त्यांच्या पाहणीनुसार सुमारे ४३ टक्के क्लाउड वातावरणं तिच्या टप्प्यात. भानगड अशी होती: इनग्रेसची नवी नोंद आली की तिच्यावरून एनजिनएक्सची कॉन्फिग फाइल तयार होते आणि लावण्याआधी ती तपासून घेतली जाते. हल्लेखोराने त्या नोंदीत योग्य जागी चार ओळी घुसवल्या की त्याचा कोड तपासणीच्या पायरीवरच चालायचा. त्यात हा घटक ज्या पॉडमध्ये, म्हणजे चालत्या प्रोग्रामच्या डब्यात, असतो त्याला सगळ्या नेमस्पेसमधली, म्हणजे क्लस्टरच्या सगळ्या विभागांतली, सीक्रेट्स (पासवर्ड, किल्ल्या) वाचायची मुळातच मुभा. म्हणजे पॉड नेटवर्कपर्यंत पोचलेला कोणीही, एकही पासवर्ड न टाकता, अख्ख्या क्लस्टरचा धनी. असलं दुखणं निस्तरायला गो भाषा, एनजिनएक्स आणि कुबर्नेटीस या तिन्हींत मुरलेला माणूस लागतो. हिंजवडी, खराडी, मगरपट्ट्यातल्या कुठल्याही मोठ्या डेव्हऑप्स टीममध्ये असे दोन-तीन तरी सापडतील. त्यांच्यापैकी किती जणांना या कामासाठी ऑफिसचा एक तास मिळाला, हे ज्याने त्याने आपल्या टाइमशीट उघडून पाहावं.

या पत्रात मागणं एकच आहे, आणि ते पैशाचं नाही. आपल्या अनुभवी अभियंत्यांना ओपन सोर्सवर काम करायला ऑफिसचा वेळ द्या, आणि त्या वेळेच्या आड येणारं नेमणूकपत्रातलं कलम बदला.

वेळच का, हे समजायला एक्सझेडचं प्रकरण पुरेसं आहे. २९ मार्च २०२४. एक्सझेड ही फाइल दाबून लहान करणारी लायब्ररी, जवळपास प्रत्येक लिनक्समध्ये असणारी. तिच्या ५.६.० आणि ५.६.१ या आवृत्त्यांत कोणीतरी चोरदरवाजा बसवला होता. दूरच्या मशीनवर लॉगिन करायच्या एसएसएचमधून थेट आत शिरता यावं, एवढी त्याची झेप. बसवणारा 'जिया टॅन' या नावाने दोनेक वर्षं सज्जनासारखं काम करत मेन्टेनर होऊन बसला होता. त्याला ती जागा मिळाली कशी? मूळ मेन्टेनर लासे कॉलिन हा फिनलंडचा, एकटाच, बिनपगारी. २०२२ मध्ये मेलिंग लिस्टवर त्याला टोचणारे मेल येऊ लागले: पॅच पडून आहेत, प्रकल्पाला नवा माणूस का देत नाही, वगैरे. त्याने उत्तरात सांगितलं की माझा रस गेलेला नाही, पण मानसिक आरोग्याच्या जुन्या तक्रारींमुळे फारसं जमत नाही, आणि हा बिनपैशाचा छंद आहे हेही ध्यानात असू द्या. टोचणाऱ्यांतलं एक नाव 'जिगर कुमार' होतं. ही सगळी खाती खोटी होती असंच आज मानलं जातं. तरी खोटं नाव बेतताना त्यांना भारतीय नाव खपून जाईल असं वाटलं, यावर आपण थोडा विचार करायला हरकत नाही. कामाला हात न लावता 'कधी होणार?' विचारणारा माणूस म्हणून आपलं नाव कोणालाच संशयास्पद वाटलं नाही.

आता या गोष्टीचा दुसरा भाग. हे पकडलं कोणी? आंद्रेस फ्रॉइंड नावाच्या माणसाने. तो पोस्टग्रेस या ओपन सोर्स डेटाबेसचा डेव्हलपर, मायक्रोसॉफ्टच्या पगारावर. डेबियन या लिनक्सच्या चाचणी मशीनवर पोस्टग्रेसची मोजमापं घेत असताना त्याला दिसलं की एसएसएच लॉगिन नको तितका सीपीयू खातंय आणि ०.३ सेकंदाच्या जागी ०.८ सेकंद घेतंय. अर्ध्या सेकंदाचा फरक. आपल्यापैकी कोणीही 'नेटवर्क स्लो असेल' म्हणून चहाला उठला असता. तो उठला नाही. धागा धरून थेट लायब्ररीच्या बिल्ड स्क्रिप्टपर्यंत गेला. हुशारी त्याची, यात वाद नाही. पण ती वापरायला निवांतपणा हवा, आणि तो त्याला मिळाला, कारण ओपन सोर्सवर काम करणं हीच त्याची नोकरी होती. दुपारी चारच्या स्टेटस कॉलआधी तिकिट बंद करायचं दडपण ज्याच्या डोक्यावर आहे, तो अर्ध्या सेकंदामागे लागत नसतो.

लिनक्स कर्नलकडे, म्हणजे लिनक्सच्या गाभ्याकडे, पाहिलं तरी हेच दिसतं. तिथे बहुतेक काम पगारी अभियंते करतात. इंटेल, गुगल, रेड हॅट, एएमडी, ओरॅकल यांची नावं दर आवृत्तीच्या आकडेवारीत वरच्या रांगेत असतात. त्या रांगेत आपल्या सेवा कंपन्यांची नावं माझ्या तरी पाहण्यात नाहीत. कर्नलमध्ये रस्ट ही नवी भाषा आणण्यावरून भांडणं झाली, मेन्टेनर राजीनामा देऊन गेले, पण गाडा चालू राहिला, कारण ओढायला पगारी बैल आहेत. एक्सझेड, लिबएक्सएमएल२, इनग्रेस एनजिनएक्स यांना तो आधार नाही. लिबएक्सएमएल२ या, एक्सएमएल फाइल वाचणाऱ्या लायब्ररीच्या मेन्टेनरने जून २०२५ मध्ये सांगून टाकलं की यापुढे सुरक्षेच्या त्रुटींना खास वागणूक नाही, इतर बगसारखंच जमेल तेव्हा पाहीन. पुढे काही महिन्यांत त्याने प्रकल्पच सोडला. अॅपल, गुगल, मायक्रोसॉफ्ट सगळ्यांच्या सॉफ्टवेअरमध्ये ही लायब्ररी आहे. आपल्या बँकिंग प्रॉडक्टमध्येही असेल, शोधून पाहा.

आता कलमाकडे येतो. नोकरीच्या काळात, ऑफिसात वा घरी, कुठल्याही यंत्रावर लिहिलेला प्रत्येक कोड कंपनीच्या मालकीचा, अशा अर्थाचं वाक्य आपल्यापैकी अनेकांच्या नेमणूकपत्रात असतं. त्याचं कारण मला कळतं. क्लायंटच्या आयपीची, म्हणजे बौद्धिक संपदेची, जबाबदारी आपल्यावर असते. पण परिणाम काय होतो तो जवळून पाहा. मी पूर्वी ज्या कंपनीत होतो तिथे एका ओपन सोर्स मेसेज लायब्ररीत मेमरी लीक सापडला. कनेक्शन तुटून पुन्हा जोडलं गेलं की जुना बफर मोकळाच होत नव्हता. आमच्या टीममधल्या मुलीने तो शोधला, तीन-चार ओळींची दुरुस्ती केली, टेस्टही लिहिली. मूळ प्रकल्पाला पाठवायची परवानगी मागितली तर प्रकरण मॅनेजरकडून डिलिव्हरीकडे, तिथून लीगलकडे आणि लीगलकडून 'बिझनेस जस्टिफिकेशन' मागायला परत आमच्याकडे आलं. शेवटी तिने नाद सोडला. ती दुरुस्ती आम्ही आमच्या शाखेत लोकल पॅच म्हणून ठेवली. मग लायब्ररीची नवी आवृत्ती आली की तो पॅच पुन्हा लावा, कॉन्फ्लिक्ट सोडवा, पुन्हा टेस्ट करा. ती मुलगी कंपनी सोडून गेल्यावर तो पॅच कशासाठी आहे हे माहीत असलेलं कोणी उरलं नाही, आणि काढायची हिंमतही कोणाची होईना. पाठवून दिला असता तर एका दुपारचं काम होतं.

'क्लायंट परवानगी देणार नाही' हे उत्तर मला अनेकदा मिळालंय. क्लायंटला विचारलं का, यावर मात्र शांतता. लायब्ररीतला बग हा काही क्लायंटचा बिझनेस लॉजिक नव्हे. शिवाय युरोपातल्या क्लायंटची अडचण आता उलटीच असणार आहे. युरोपीय संघाचा सायबर रेझिलियन्स अॅक्ट १० डिसेंबर २०२४ पासून अस्तित्वात आलाय. ११ सप्टेंबर २०२६ पासून, ज्या त्रुटीचा प्रत्यक्ष गैरफायदा घेतला जातोय तिची पहिली सूचना उत्पादकाने २४ तासांत द्यायची आहे, आणि ११ डिसेंबर २०२७ पासून बाकीचा कायदा पूर्ण लागू. त्यात असंही आहे की वापरलेल्या घटकात, तो ओपन सोर्स असला तरी, त्रुटी सापडली तर उत्पादकाने त्याच्या मेन्टेनरला कळवायचं, आणि दुरुस्ती केली असेल तर तो कोड त्याला द्यायचा. जर्मन यंत्र कंपनीसाठी पुण्यात फर्मवेअर लिहिणाऱ्यांनी हे दोनदा वाचावं. जी गोष्ट आपलं नेमणूकपत्र अडवतं, ती क्लायंटला कायद्याने करावी लागणार आहे.

इथेही वारं त्याच दिशेने आहे. सेबीच्या ऑगस्ट २०२४ च्या सायबर सुरक्षा चौकटीत एसबॉम, म्हणजे सॉफ्टवेअरमध्ये कुठकुठले घटक आहेत याची यादी, मागितली आहे. केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा संस्थेने, सर्ट-इननेही, त्यावर मार्गदर्शक सूचना काढल्या आहेत. यादी करायला टूल मिळतं, अर्ध्या तासात हजारभर ओळी पडतात. त्या ओळींमागे माणसं किती, हे कुठल्याच टूलमध्ये दिसत नाही.

यादी हातात आली की पुढचा मोह म्हणजे मेन्टेनरला प्रश्नावली पाठवणं. कृपा करून ते करू नका. जानेवारी २०२२ मध्ये लॉगफोरजे या जावा लायब्ररीतल्या गंभीर त्रुटीचा गोंधळ चालू असताना कर्ल या, नेटवरून डेटा आणणाऱ्या ओपन सोर्स टूलच्या डॅनियल स्टेनबर्गला एका बड्या अमेरिकन कंपनीचा मेल आला: तुमच्या उत्पादनात लॉगफोरजे आहे का, याची उत्तरं २४ तासांत द्या. कर्ल सी भाषेतलं, त्याचा लॉगफोरजेशी संबंध नाही, आणि त्या कंपनीने स्टेनबर्गला कधी एक छदाम दिलेला नव्हता. त्याने कळवलं की सपोर्टचा करार करा, आनंदाने उत्तरं देतो. व्हेंडर रिस्कच्या नावाखाली असे मेल आपल्याही ऑफिसांतून जातात. पैसे न घेणारा माणूस व्हेंडर कसा झाला, हे एकदा आपल्या प्रोक्युअरमेंटला विचारा.

आता मला भीती आहे ती वेगळीच. हे पत्र एखाद्या डिलिव्हरी हेडच्या डोळ्यांखालून गेलं, तर त्याला पहिली कल्पना सुचेल ती बेंचची. प्रोजेक्ट नसलेली पाचशे मुलं बसलीच आहेत, सोडा त्यांना ओपन सोर्सवर, आणि दर महिन्याला माणशी अमुक पुल रिक्वेस्टचं, म्हणजे 'माझा बदल घ्या' अशा विनंत्यांचं, टार्गेट द्या. नको! हे आपण करून बसलोय. ऑक्टोबर २०२० मध्ये, ओपन सोर्सला हातभार लावणाऱ्यांना टी-शर्ट देणाऱ्या हॅक्टोबरफेस्ट या उपक्रमात, त्या टी-शर्टसाठी निरर्थक पुल रिक्वेस्टचा असा पूर आला की आयोजकांना सुरू झाल्या झाल्या नियम बदलून, ज्या प्रकल्पांना हवं त्यांच्यापुरताच तो उपक्रम ठेवावा लागला. त्या पुरात आपल्याकडच्या विद्यार्थ्यांचा वाटा मोठा होता. पुढे एक्सप्रेस या जावास्क्रिप्ट प्रकल्पाच्या रीडमी फाइलमध्ये स्वतःचं नाव घालणाऱ्या रिक्वेस्टचा ढीग पडला, कारण एका भारतीय यूट्यूब धड्यात तो उदाहरणादाखल दाखवला होता. मुलांचा दोष थोडा, शिकवणाऱ्यांचा जास्त.

त्यात आता एआयची भर. कर्लने २०१९ पासून चालवलेली बग शोधणाऱ्यांसाठीची बक्षीस योजना जानेवारी २०२६ अखेर बंद केली, कारण एआयने रचलेले, वरवर खरे वाटणारे पण आतून पोकळ रिपोर्ट वाचता वाचता टीम मेटाकुटीला आली होती. एफएफएमपेग या, स्वयंसेवकांनी चालवलेल्या व्हिडिओ सॉफ्टवेअरचं गुगलशी वाजलं ते जरा निराळं. गुगलच्या एआयने शोधलेला बग खरा होता, फक्त तो १९९५ च्या एका व्हिडिओ गेमच्या फाइल उलगडणाऱ्या कोडमधला. स्वयंसेवकांचं म्हणणं असं की एवढी श्रीमंत कंपनी यंत्रं लावून बग शोधते आणि दुरुस्ती आमच्या गळ्यात घालते, मग सोबत पॅच तरी पाठवा. मला एफएफएमपेगचं पटतं. बग लपवून ठेवावा असं कोणीच म्हणत नाही, पण शोधण्याचं श्रेय एकाला आणि जागरण दुसऱ्याला हा कुठला न्याय? आपल्या 'एआय फर्स्ट' सादरीकरणांत 'ओपन सोर्समध्ये इतके बग शोधले' अशी स्लाइड येण्याआधी एवढं ध्यानात राहू द्या.

म्हणून सुरुवात अनुभवी माणसांपासून करा. पाच-सात वर्षं एखादी लायब्ररी वापरलेला अभियंता निवडा, त्याला आठवड्यातला एक दिवस द्या, टाइमशीटला त्यासाठी वेगळा कोड द्या, आणि सहा महिने त्याला आकडा विचारू नका. पहिले दोन महिने तो फक्त इतरांचे बग रिपोर्ट वाचेल, 'हे माझ्याकडे असं असं होतंय' एवढंच लिहील. मेन्टेनरला तेच हवं असतं. बग खरा आहे की नाही हे कोणी पडताळून दिलं तर त्याचा अर्धा भार उतरतो. मग त्याच्या हाताखाली एक-दोन नवी मुलं द्या. अप्रेझलमध्ये हे काम धरलं नाही तर मात्र सगळं मुसळ केरात. चांगला माणूस दुसऱ्या वर्षी तो दिवस स्वतःहून सोडून देईल.

पैशाचं म्हणाल तर ते सोपं आहे, म्हणून थोडक्यात. बंगळूरच्या झेरोधाने ऑक्टोबर २०२४ मध्ये फ्लॉस फंड सुरू केला, वर्षाला दहा लाख डॉलरपर्यंत, जगातल्या कुठल्याही ओपन सोर्स प्रकल्पासाठी. ती काही लाखभर माणसांची कंपनी नव्हे. जर्मन सरकारच्या सॉव्हरिन टेक फंडाने २०२३ मध्ये एकट्या ग्नोम या लिनक्स डेस्कटॉपच्या प्रकल्पाला दहा लाख युरो दिले. आपल्याकडे विषय निघाला की कोणीतरी सीएसआर म्हणतं. कंपनीच्या नेहमीच्या धंद्यातला खर्च सीएसआरमध्ये धरता येत नाही, असं नियमच सांगतात. आणि बरोबरच आहे ते. पोस्टग्रेस आणि लिनक्सवर आपला धंदा उभा आहे, तेव्हा तो कच्च्या मालाचा खर्च समजा आणि दानधर्माच्या खात्यात शोधू नका.

महाराष्ट्राला हे नवं आहे असंही नाही. ईआरपीनेक्स्ट हे कंपन्यांचा कारभार सांभाळणारं सॉफ्टवेअर बनवणारी फ्रॅपे मुंबईची, सगळा कोड खुला ठेवून होस्टिंग आणि सपोर्टवर कंपनी चालवते. रेड हॅटच्या पुण्याच्या ऑफिसातून वर्षानुवर्षं लिनक्सचं काम होतं; लिनक्सवर मराठी नीट दिसू लागली त्यात तिथे सांभाळल्या गेलेल्या लोहित फॉन्टचा मोठा हात आहे. मुंबईच्या 'एक टाइप' या फॉन्ट बनवणाऱ्या संस्थेने मुक्त परवान्याखाली दिलेला 'मुक्ता' फॉन्ट किती मराठी वेबसाइटवर आहे ते पाहा. म्हणजे माणसं आहेत, कौशल्य आहे, चाल माहीत आहे. ज्या मोठ्या सेवा कंपन्यांकडे सगळ्यात जास्त हात आहेत त्या मात्र आयत्या बिळावर नागोबा. गिटहबच्या २०२५ च्या अहवालात वर्षभरात भारतातून पन्नास लाखांवर नवे डेव्हलपर आल्याचं म्हटलंय. त्यातले बरेच पुढेमागे आपल्याच दारात मुलाखतीला येतील आणि आपण त्यांच्यापुढे तेच नेमणूकपत्र ठेवू.

तेव्हा एचआर आणि लीगलचं काम हलकं व्हावं म्हणून कलमाचा मसुदाच देतो. भाषा हवी तशी सुधारा:

'कंपनी वापरत असलेल्या ओपन सोर्स सॉफ्टवेअरमधील बग दुरुस्ती, चाचण्या, भाषांतर आणि दस्तऐवज मूळ प्रकल्पास पाठवण्यास कर्मचाऱ्यास कायमची पूर्वपरवानगी आहे, मात्र त्यात क्लायंटचा कोड, डेटा वा गोपनीय माहिती नसावी. याहून मोठ्या कामासाठी टीम लीडला कळवावे; सात दिवसांत लेखी हरकत न आल्यास परवानगी मिळाली असे समजावे. कर्मचाऱ्याने स्वतःच्या वेळात, स्वतःच्या यंत्रावर आणि कंपनीच्या कामाशी संबंध नसलेल्या प्रकल्पासाठी लिहिलेल्या कोडवर कंपनीचा कोणताही हक्क राहणार नाही.'

सात दिवसांच्या वाक्यावर लीगल अडेल हे मला माहीत आहे. बाकी काही सोडलंत तरी चालेल, तेवढं वाक्य सोडू नका.

कळावे, लोभ असावा.

आपला,
हिंजवडीतला एक डेव्हऑप्स अभियंता